वकिलाला द्यायला पैसे नसतील तर? मोफत विधी सेवा, सोप्या भाषेत

वर्षातून तीन-चार वेळा अनेकांच्या मोबाइलवर एक मेसेज येतो. तुमचं ई-चलान थकलं आहे, राष्ट्रीय लोकअदालतीत येऊन मिटवून टाका. बहुतेकांची लोकअदालतीशी ओळख एवढ्यावरच संपते. मेसेज वाहतूक पोलिसांचा असला, तरी लोकअदालत भरवतं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. थकलेल्या दंडाची तडजोड हे त्याच्याकडचं किरकोळ काम. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारी खर्चाने वकील मिळवून देणं, हे मुख्य काम. आणि या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्टच लोकांना ठाऊक नसते: देशातली प्रत्येक स्त्री या सेवेला पात्र आहे, तिचं उत्पन्न कितीही असो.

हे माहीत नसल्याची किंमत फार मोठी आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई ‘वकिलाला कुठून देऊ’ म्हणत माहेरी बसून राहते. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून मुकादमाने अडकवून ठेवलेलं ऊसतोडीचं कुटुंब पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरतं. चोरीच्या संशयावरून उचललेला पोरगा पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, मॅजिस्ट्रेटसमोर एकटाच उभा राहतो आणि विचारलेलं काहीच कळत नसल्यामुळे मान हलवतो. या सगळ्यांना वकील मिळू शकतो. तो मागावा लागतो, आणि लवकर मागावा लागतो.

## हा हक्क आला कुठून

गरिबांना कायद्याची मदत मिळावी हा विचार आपल्याकडे जुना आहे. मुंबई राज्याने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली होती. पण त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं हा विषय बहुतांशी अहवालांतच राहिला. १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आला. पैशाच्या किंवा इतर कुठल्या अडचणीमुळे कोणाही नागरिकाची न्याय मिळवण्याची संधी हुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं तो सांगतो. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे. सरकारने त्या दिशेने काम करावं अशी अपेक्षा त्यात आहे. केवळ त्याच्या जोरावर नागरिक कोर्टात जाऊन अंमलबजावणी मागू शकत नाही.

त्या तत्त्वाला धार आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांमुळे, आणि त्यांतला एक थेट आपल्या येरवड्याशी जोडलेला आहे. एम. एच. होसकोट हा माणूस विद्यापीठाच्या पदव्यांची बनावट प्रमाणपत्रं तयार करण्याच्या प्रकरणात दोषी ठरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढवली. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तोवर चार वर्षं उलटली होती आणि शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का, तर निकालाची प्रतच मिळाली नाही, असं त्याचं म्हणणं. येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे प्रत पाठवलेली होती. कैद्याला ती दिली, असं तुरुंग म्हणत होता. पोच मात्र नव्हती. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली, पण जाता जाता कायदा पक्का केला. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि अपील करायला वकील नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे. स्वतः होसकोटला काही मिळालं नाही. त्याच्या मागून आलेल्या कैद्यांना मिळालं.

पुढच्याच वर्षी बिहारचं प्रकरण आलं. के. एफ. रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या लोकांविषयी त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त काही महिन्यांची किंवा एक-दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते, त्याच्या आरोपावरून माणसं त्याहून कितीतरी जास्त काळ आत होती. वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी तो मजकूर घेऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हुसैनारा खातून खटला म्हणतात तो हाच. निकाल दिला न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी, म्हणजे १९४९च्या समितीच्या अध्यक्षांच्या मुलाने. वकील देणं हा अनुच्छेद २१ मधल्या जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यांनी म्हटलं. इथून ही गोष्ट मूलभूत हक्कात आली.

मग डिसेंबर १९८० मध्ये बिहारमधल्या भागलपूरच्या, पोलिसांनी अंध केलेल्या कैद्यांच्या खटल्यात आणखी दोन गोष्टी ठरल्या. ‘पैसे नाहीत’ ही सबब सरकारला सांगता येणार नाही. आणि आरोपीने मागितला नाही तरी ‘तुला मोफत वकील मिळू शकतो’ हे त्याला सांगण्याचं कर्तव्य न्यायाधीशाचं आहे. १९८६ च्या सुक दास खटल्यात तर न्यायालयाने वकिलाशिवाय झालेली शिक्षाच रद्द केली. आरोपीने वकील मागितला नव्हता, हे उत्तर पुरेसं मानलं नाही. ज्याला हक्कच माहीत नाही तो मागणार कसा?

संसदेने १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा केला. तो प्रत्यक्ष अमलात यायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडलं. त्या तारखेला दरवर्षी विधी सेवा दिन पाळतात. वर राष्ट्रीय प्राधिकरण (नालसा), खाली राज्य, मग जिल्हा, आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती, अशी उतरंड आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात आणि सचिव हेही न्यायाधीशच. सामान्य माणसाने जायचं ते या सचिवांच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या समितीकडे.

## नेमकं कोणाला मिळतं

कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे. ती दोन भागांत वाचली की गोंधळ होत नाही.

पहिल्या भागात उत्पन्न विचारायचंच नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, अठरा वर्षांखालचं मूल, दिव्यांग आणि मानसिक आजार असलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, माणसांच्या व्यापाराला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले लोक, पूर-दुष्काळ-भूकंप-जातीय अत्याचार-औद्योगिक दुर्घटना अशा संकटात सापडलेले लोक, आणि कोठडीत असलेला कोणीही. कोठडीत तुरुंग येतो, तसंच सुधारगृह आणि मनोरुग्णालयही येतं.

दुसऱ्या भागात उरलेले सगळे, आणि त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ५ लाख. प्रत्येक राज्याची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे बेळगाव, इंदूर किंवा हैदराबादच्या मराठी माणसाने तिथल्या राज्याचा आकडा विचारावा.

श्रीमंत घरातल्या बाईलाही फुकट वकील का, असा प्रश्न इथे हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना बाईचं उत्पन्न आणि घराचं उत्पन्न यांत आपण गल्लत करतो. बंगला सासऱ्याच्या नावावर, शेत नवऱ्याच्या नावावर, दागिने सासूच्या कपाटात, आणि भांडण नेमकं याच लोकांशी. अशा वेळी ‘तुझ्या घरचं उत्पन्न ३ लाखांच्या वर आहे’ म्हणून तिला परत पाठवलं असतं तर कायद्याचा उपयोग काय? कायदा करणाऱ्यांनी इथे बारीक विचार केला आहे असं मला वाटतं. चार-दोन सधन बायकांनी गैरफायदा घेतला तरी चालेल, पण दाखल्यापायी एकही बाई दारातून परत जाऊ नये.

ऊसतोड कामगारांचं उदाहरण इथे मुद्दाम घेतो, कारण ते एकाच वेळी अनेक दारांतून पात्र ठरतात आणि तरीही क्वचितच आत येतात. बाई असेल तर बाई म्हणून. अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर त्या दाराने. आणि उचलीपायी फड सोडू देत नसतील, तर वेठबिगारीचे बळी म्हणून पुरुषही, उत्पन्नाचा प्रश्न न येता. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असं सांगितलं. आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. म्हणजे ज्या उचलीच्या भीतीने कुटुंब गप्प बसतं, त्या उचलीला कोर्टात आव्हान देता येतं. पण हे वकिलाशिवाय होत नाही, आणि वकील कुठे मिळतो हे फडावर सांगायला कोणी जात नाही. तिथे पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे प्राधिकरणाने प्रशिक्षण दिलेले स्थानिक स्वयंसेवक पोचावेत अशी कल्पना आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ते जितके दिसायला हवेत, तितके दिसत नाहीत.

## सरकारी वकील म्हणजे हाच का?

नाही, आणि ही गफलत भल्याभल्यांची होते. फौजदारी खटल्यात सरकारी वकील हा आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. तो पोलिसांनी आणलेला खटला चालवतो. प्राधिकरण देतं तो वकील तुमचा. तुम्ही त्याच्या वकीलपत्रावर सही करता, त्याला सांगितलेली गोष्ट गुप्त राहते, आणि सरकारविरुद्धचं प्रकरण असलं तरी तो तुमच्याच बाजूने लढायला बांधलेला असतो.

पैसे सरकारचे, मग तो सरकारविरुद्ध कसा बोलणार? सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरचा पगार सरकार देतं, म्हणून तो काही सरकारच्या पोटदुखीवर औषध देत नाही. समोरच्या रोग्यालाच तपासतो. इथेही तसंच आहे. शिवाय हे पैसे पोलीस खात्यातून किंवा गृह विभागातून येत नाहीत, आणि वकील नेमण्याचं काम न्यायाधीशांच्या हाताखालचं प्राधिकरण करतं. ती आडभिंत मुद्दाम घातलेली आहे.

वकील दोन प्रकारचे असतात. एक पॅनेलवरचे, म्हणजे एरवी खासगी वकिली करणारे आणि प्रकरणागणिक नेमले जाणारे. घरगुती हिंसाचार, पोटगी, जमिनीचे दावे, भरपाई, यांत बहुधा हेच असतात. दुसरे लोकअभिरक्षक. नालसाच्या २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्यांच्या ठिकाणी ही कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील पूर्णवेळ असतात, खासगी प्रकरणं घेत नाहीत आणि फक्त फौजदारी खटल्यांत आरोपींची बाजू मांडतात.

## मोफत म्हणजे काय काय मोफत

वकिलाची फी तर आहेच. त्याशिवाय कोर्ट फी, समन्स-नोटिसांचा खर्च, दावा-अर्ज तयार करणं आणि टाइप करणं, प्रमाणित नकला, कागदपत्रांचा अनुवाद. शेवटची बाब छोटी वाटेल, पण तालुक्याच्या कोर्टातलं बरंचसं रेकॉर्ड मराठीत असतं आणि सर्वोच्च न्यायालयात ते इंग्रजीत न्यावं लागतं. शे-दीडशे पानांचा तो अनुवाद करून घेण्याचा खर्चच अनेकांना झेपत नाही.

नुसता सल्लाही मिळतो. नोटीस आली आहे, उत्तर द्यायचं का? सातबारावर भावाने परस्पर बहिणीचं नाव कमी केलं, आता काय? यासाठी खटला भरलेला असायलाच हवा असं काही नाही. खरं तर याच टप्प्यावर जाणं सर्वांत फायद्याचं.

वकिलाने वेगळे पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. ‘थोडं वरचं’, ‘झेरॉक्सचे’, ‘साहेबांचा चहा’, कोणत्याही नावाने. नालसाच्या नियमांनुसार नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून फी किंवा मोबदला घेता येत नाही, आणि घेतला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. सचिवांकडे लेखी तक्रार करा. भीती वाटणं साहजिक आहे, कारण आपली केस त्याच्या हातात असते. म्हणूनच तक्रारीतच वकील बदलून मागा.

## अटक झाली तर वकील कधीपासून?

लोकांना वाटतं, खटला उभा राहिला की वकील लागतो. प्रत्यक्षात माणसाचं भवितव्य पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी ठरतं. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. त्या दिवशी पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी की जामीन, हे ठरतं. अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर त्या दाखवण्याची, अटकेची वेळ खोटी लिहिली असेल तर ती सांगण्याची पहिली संधी तीच.

म्हणून अटकेच्या वेळीच जवळच्या विधी सेवा समितीला कळवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. त्या खटल्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या काहींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ते पत्रच याचिका मानलं गेलं. पुढे २०१९ मध्ये नालसाने अटकेआधी, अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या वेळी वकील कसा पुरवायचा याचा आराखडाच केला. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३८ मध्ये आहे. वकील चौकशीभर शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो.

एवढं सगळं कागदावर असताना तुरुंगांचं चित्र काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे खटला संपायची वाट पाहणारी, दोषी न ठरलेली. चारांतली तीन. यांतल्या अनेकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही, म्हणून ते आतच राहतात. इथे दोन तरतुदी उपयोगी पडतात. पहिली, याच संहितेचं कलम ४७९: पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, इतरांनी निम्मा, तर त्यांना सोडण्याचा विचार व्हावा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. दुसरी, केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना: २०२३ च्या मूळ नियमांत जामिनाच्या रकमेसाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. ती जिल्ह्याची समिती मंजूर करते आणि प्राधिकरणाचे सचिव तिचे सदस्य असतात.

## पण गुन्हेगाराला आमच्या पैशाने वकील कशाला?

हा राग मी समजू शकतो. एखाद्या क्रूर घटनेनंतर ‘याचं वकीलपत्र कोणी घेऊ नका’ अशी मागणी होते आणि काही बार असोसिएशन तसे ठरावही करतात. २६/११ नंतर मुंबईत अजमल कसाबबाबत हेच घडलं. तरीही न्यायालयाने त्याला खालपासून वरपर्यंत वकील दिले. सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी त्याची बाजू मांडली. शिक्षा टिकली, आणि तिच्यावर ‘बचावाची संधीच दिली नाही’ असं बोट कोणी ठेवू शकलं नाही. त्याच २०१२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर आणल्यापासून हा हक्क सुरू होतो, आणि तो समजावून सांगणं मॅजिस्ट्रेटचं बंधनकारक कर्तव्य आहे.

पीडिताच्या बाजूनेही याचा विचार करावा. वकील न देता घाईने उरकलेला खटला अपिलात कोसळतो. सुक दास सुटला तो तसाच. म्हणजे आरोपीला पहिल्या दिवशी दिलेला चांगला वकील हा पुढे निकाल टिकण्याचाही बंदोबस्त असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आरोपी आणि गुन्हेगार हे एक नव्हेत. वर सांगितलेल्या सव्वाचार लाखांपैकी बरेच लोक उद्या निर्दोष सुटतील.

आणि पीडितालाही वकील मिळतो. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली मुलाच्या कुटुंबाला वकील परवडत नसेल तर प्राधिकरणाने तो द्यायचा आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, पीडित बाईला मोफत विधी सेवेची माहिती देणं हे पोलिसांवर आणि संरक्षण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

## फुकटचा वकील मन लावून काम करेल?

माझं प्रामाणिक उत्तर: काही करतात, काही करत नाहीत. पॅनेलच्या वकिलांचं मानधन कमी असतं आणि ते उशिरा मिळतं, ही तक्रार जुनी आहे. अनुभवी वकील त्यामुळे पॅनेलवर यायला नाखूश असतात. तारखेला वकील आलाच नाही, ज्युनिअरला पाठवलं, आरोपीला तो तुरुंगात कधी भेटलाच नाही, अशा गोष्टी घडतात.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेला अनोखीलालचा खटला याचं टोकाचं उदाहरण आहे. मध्य प्रदेशात फाशी होऊ शकेल अशा खटल्यात ज्या दिवशी न्यायालयाने वकील नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. वकिलाला कागद वाचायला, आरोपीशी बोलायलाही वेळ मिळाला नाही. काही दिवसांत फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. फाशी-जन्मठेपेच्या प्रकरणांत किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमावा आणि तयारीसाठी सर्वसाधारणपणे निदान सात दिवस द्यावेत, असं ठरवून दिलं. नाममात्र वकील म्हणजे वकील नव्हे, हे तत्त्व आता स्पष्ट आहे. पण ते पोटगीच्या साध्या अर्जापर्यंत झिरपायला वेळ लागणार.

तोवर पक्षकाराने काय करावं? वकिलाचं नाव, फोन नंबर आणि पुढची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. कोर्टात दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागावी. वकील दोनदा गैरहजर राहिला तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नये. सचिवांना लेखी कळवून दुसरा मागावा. प्रकरणं कशी चालली आहेत हे पाहण्यासाठी प्राधिकरणाकडे देखरेख समिती असते आणि तिला हलवायला एक साधा अर्ज पुरतो. लोकअभिरक्षकांच्या पूर्णवेळ व्यवस्थेकडून मला आशा आहे, कारण तिथे वकिलाचं दुसरं दुकान नसतं. मात्र एकेका वकिलावर किती प्रकरणं लादली जातात, यावर तिचं यश ठरेल.

## लोकअदालतीत सही करण्यापूर्वी

लोकअदालत म्हणजे तडजोडीचं न्यायालय. प्रलंबित किंवा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरण दोघांच्या संमतीने तिथे मिटतं. कोर्टात आधी फी भरली असेल तर परत मिळते. मोटार अपघाताची भरपाई, चेक न वटणं, बँकेची थकबाकी, नवरा-बायकोचे वाद, अशी प्रकरणं तिथे येतात. तडजोड होऊ शकत नाही असे गंभीर गुन्हे येत नाहीत.

तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्याविरुद्ध अपील नसतं. हेच त्याचं सामर्थ्य आणि हाच धोका. अपघातात कर्ता पुरुष गेलेल्या घरातली बाई, समोर विमा कंपनीचा सराईत वकील, दुपारची गडबड आणि ‘ताई, आज घेतले नाहीत तर दहा वर्षं फेऱ्या माराल’ असा आजूबाजूचा सूर. अशा वेळी कमी रकमेवर अंगठा उमटतो. म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच की लोकअदालतीतल्या पॅनेलला तुमच्यावर निर्णय लादता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जालौर सिंग खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ‘मला मान्य नाही’ म्हणालात की प्रकरण जसंच्या तसं मूळ कोर्टात परत जातं. तुमचं काहीही बुडत नाही. आणि रक्कम योग्य आहे का, हे विचारायला तिथेही मोफत वकील मागता येतो.

फोन, वीज, पाणी, विमा, वाहतूक अशा सेवांच्या तक्रारींसाठी कायमस्वरूपी लोकअदालत वेगळी असते. तिथे तडजोड झाली नाही तर मात्र निर्णय दिला जाऊ शकतो. दोन्हींत फरक आहे, तो जाण्यापूर्वी विचारून घ्यावा.

## भरपाईचा अर्जही इथेच

गुन्ह्याला बळी पडलेल्यांना राज्याकडून भरपाई मिळू शकते आणि ती किती, हे जिल्हा प्राधिकरण ठरवतं. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांसाठी मनोधैर्य योजना आहे. २०१७ मध्ये तिची मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांपर्यंत वाढवली आणि मंजुरीचं काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिलं. आरोपी सापडला नाही तरी भरपाई मागता येते. खटला संपायची वाट पाहत बसलेली अनेक कुटुंबं हा अर्ज करतच नाहीत.

## अर्ज कसा करायचा

साध्या कागदावर, मराठीत. नाव, पत्ता, वाद काय आहे ते चार ओळींत, आणि आपण कोणत्या कारणाने पात्र आहोत ते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, कार्यालयातला स्वयंसेवक किंवा कर्मचारी लिहून घेतो. उत्पन्नाच्या आधारावर अर्ज असेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र कायद्याने सर्वसाधारणपणे पुरेसं मानलं आहे. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी अडवून ठेवलं तर कलम १३ कडे बोट दाखवा. नालसाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जही होतो. तुरुंगातला माणूस अधीक्षकांमार्फत अर्ज देऊ शकतो. फोनवरून विचारायचं असेल तर नालसाचा क्रमांक १५१०० आहे.

उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या विधी सेवा समित्या आहेत. अपिलाची मुदत संपत आली असेल तर जिल्ह्याच्या कार्यालयातच जा, ते कागद वर पाठवतात. अर्जाच्या पहिल्याच ओळीत मुदत कधी संपते ते लिहा.

अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, एवढंच या टप्प्यावर पाहतात. जिंकण्याची खात्री द्यावी लागत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागा. त्यालाही फी लागत नाही.